एक्सेलच्या पोटातला टूलपॅक

मायक्रोसॉफ्ट एक्सेलबरोबर अ‍ॅनालिसिस टूलपॅक संगणकात येतो, पण वापरणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्या फाइल डिस्कवर पडून असतात आणि सांगितल्याशिवाय एक्सेल त्या उघडत नाही. मूळ प्रोग्रॅमला अशी जी पुरवणी जोडता येते तिला अ‍ॅड-इन म्हणतात. टूलपॅक मायक्रोसॉफ्टने स्वतः घडवलेला नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेमॅटर इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने तो तयार केला. हिशेबनिसाच्या तक्त्यात त्यामुळे संख्याशास्त्राच्या चाचण्या येऊन बसल्या.

जोडणीचे काम मिनिटभराचे आहे. विंडोजवर ‘फाइल’मधून ‘ऑप्शन्स’ आणि तिथून ‘अ‍ॅड-इन्स’ उघडायचे. खाली ‘मॅनेज’समोर ‘एक्सेल अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबले की छोटी यादी येते. तिच्यात ‘अ‍ॅनालिसिस टूलपॅक’समोर खूण करून ‘ओके’ म्हटले की ‘डेटा’ टॅबच्या उजव्या टोकाला ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ हे बटण उमटते. मॅकवर हीच यादी ‘टूल्स’ मेनूत मिळते. यादीत शेजारीच ‘अ‍ॅनालिसिस टूलपॅक – व्हीबीए’ असतो. तो मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी आहे, इतरांनी त्याला हात लावला नाही तरी चालते.

बटण दाबल्यावर 19 साधनांची यादी उघडते. अनोव्हाचे तीन प्रकार, टी-चाचणीचे तीन, एफ आणि झेड चाचण्या, सहसंबंध, हिस्टोग्राम, चलत सरासरी, यादृच्छिक संख्यांची निर्मिती, फूरिए विश्लेषणसुद्धा. शेवटच्याचा वापर कारकुनी कामात कुणी करत असेल असे वाटत नाही. आकड्यांची संख्या 2 चा घात असावी आणि 4096 च्या वर जाऊ नये, अशी त्याची अट आहे.

खरा राबता दोन साधनांकडे असतो. पहिले ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’. आकड्यांचा स्तंभ दाखवला की मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, किमान, कमाल अशी 13 मापे एका झटक्यात खाली उतरतात. सूत्रे एकेक करून लिहायचा त्रास वाचतो. दुसरे ‘रिग्रेशन’. पाऊस आणि खत यांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा असेल, तर पाऊस व खताचे स्तंभ लगत ठेवावे लागतात. मध्ये एखादे घर रिकामे राहिले तरी साधन काम नाकारते. कारणे जास्तीत जास्त 16 देता येतात. उत्तरात प्रत्येक कारणाचा गुणक, त्याची प्रमाण त्रुटी, पी-मूल्य आणि आर-स्क्वेअर मिळतो. मागितल्यास शिल्लक फरकांचा आलेखही मिळतो, आणि तो न पाहताच बहुतेक जण आर-स्क्वेअर उचलून अहवालात टाकतात.

साधनाच्या काही खोडी मात्र माहीत असायलाच हव्यात. एक्सेलची सारी गंमत अशी की एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे बदलते. टूलपॅकचे बहुतेक निकाल मात्र नुसते आकडे म्हणून छापले जातात, त्यांच्यामागे सूत्र नसते. मूळ माहिती सुधारली तरी जुना निकाल तसाच बसून राहतो. विश्लेषण पुन्हा चालवावे लागते. दुसरी खोड अधिक फसवी आहे. ‘डिस्क्रिप्टिव्ह’ साधन विचरण काढताना फरकांच्या वर्गांच्या बेरजेला आकड्यांच्या संख्येपेक्षा एकने कमी अंकाने भागते, म्हणजे आकडे नमुन्याचे आहेत असे धरते. ‘कोव्हेरियन्स’ साधन पूर्ण संख्येने भागते. एकाच पेटीतली दोन साधने एकाच स्तंभाला अशी दोन विचरणे देतात. ‘कॉन्फिडन्स लेव्हल (95.0%)’ या ओळीसमोर येणारा आकडाही पातळी नसतो. मध्याच्या दोन्ही बाजूंना तेवढे अंतर सोडायचे असते.

अचूकतेचा वाद तर बराच गाजला. 1999 मध्ये मॅक्‌कलो आणि विल्सन यांनी एक्सेल 97 च्या संख्याशास्त्रीय कामगिरीची परीक्षा घेतली आणि ती अपुरी ठरवली. एका दोषाचे मूळ साध्या गणितात होते. दहा कोटी एक, दहा कोटी दोन आणि दहा कोटी तीन यांचे प्रमाण विचलन 1 आहे. जुने सूत्र आधी या संख्यांचे वर्ग करून मग वजाबाकी करी. वर्ग 17 अंकी होतात आणि एक्सेल सुमारे 15 अंकच सांभाळतो, त्यामुळे नेमका फरकच गळून जाई आणि उत्तर शून्य किंवा भलतेच निघे. एक्सेल 2003 मध्ये आधी मध्य काढून मग फरकांचे वर्ग करण्याची पद्धत आली, रिग्रेशनची आकडेमोडही सुधारली. टीका मात्र त्यानंतरच्या आवृत्त्यांवरही होत राहिली.

एके काळी टूलपॅक जोडणाऱ्या अनेकांचा संख्याशास्त्राशी संबंधच नसे. XIRR, NETWORKDAYS, EDATE ही फंक्शने त्याच्याच पोटात होती. टूलपॅक न जोडलेल्या संगणकावर ती लिहिली तर घरात #NAME? अशी तक्रार उमटे. एक्सेल 2007 पासून ती मूळ एक्सेलमध्येच आली. आज एसआयपीचा परतावा XIRR ने काढणाऱ्याला टूलपॅकचे नावही ठाऊक नसते.

मॅकवर 2008 च्या आवृत्तीतून टूलपॅक काढला गेला आणि तो एक्सेल 2016 मध्ये परतला. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये तो अजून नाही. विकत एक्सेल घ्यायचे नसेल, तर लिब्रेऑफिस कॅल्कच्या ‘डेटा’ मेनूत ‘स्टॅटिस्टिक्स’ हा विभाग आयता आहे, तिथे काही जोडावे लागत नाही. त्याची बरीच साधने उत्तर सूत्रांच्या रूपात लिहितात, त्यामुळे मूळ आकडा बदलला की तिथला निकालही बदलतो.