नाशिक-त्र्यंबकची यात्रा आणि तेथील इतिहास

नाशिकास जाऊन आलेले कुटुंब घरी काय घेऊन येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गोदावरीच्या पाण्याचा गडू, तांब्यापितळेचे एखादे भांडे, हंगाम असला तर द्राक्षे, आणि रामकुंडावर पितरांचे कार्य यथासांग पार पडल्याचे समाधान. यांत गैर असे काहीच नाही. परंतु ज्या प्रदेशात आपण दोन-तीन दिवस काढले, त्याची ओळख बहुधा झालेली नसते. तीर्थक्षेत्र हे जसे पुण्याचे तसेच स्मृतीचेही स्थान आहे. आणि ती स्मृती सोयीची तेवढीच न वाचता संपूर्ण वाचावी, असे आम्हांस वाटते.

या स्मृतीचा पहिला पुरावा तर रामकुंडाशेजारीच मिळतो. तीर्थोपाध्यायांना आपले आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते बाड उघडतात, आणि आपल्या कुळातील कोण केव्हा येऊन गेले ते वाचून दाखवितात. पणजोबांची मोडी अक्षरांतील सही पाहून घरातील लहान मुलेही क्षणभर स्तब्ध होतात. कागदावरील चार ओळींनी तीन पिढ्यांचे अंतर नाहीसे होते. मात्र हे बाड आपल्या कुळाचे झाले. या प्रदेशाचे बाड पाहावयाचे तर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे आठ किलोमीटरांवरील त्रिरश्मी डोंगर चढावयास हवा.

लोक या डोंगरातील लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. परंतु पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली असून, त्यांतील प्रसिद्ध लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे दान कोरलेले आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे कायमची ठेव म्हणून ठेविले : दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलास हात लावावयाचा नाही. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तितकेच! शिवाय हे दान नगराच्या सभेत वाचून दाखविले आणि दप्तरी नोंदविले, असेही लेखात म्हटले आहे. हा दाता ब्राह्मणांनाही सढळ हाताने दाने देत होता, हे त्याच्याच लेखांवरून कळते. नाशिकच्या पश्चिमेस गोवर्धन नावाचे गाव आजही नांदत आहे.

तिसऱ्या लेण्यातील लेख गौतमी बलश्री या राजमातेचा आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी या आपल्या नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरविला. त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन व पल्हव यांचा मोड केल्याचे आणि क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे वर्णन केले आहे. ही पोकळ स्तुती नव्हे. १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. विशेष हे की, ज्या पुत्रास माता ‘अद्वितीय ब्राह्मण’ म्हणून गौरविते, त्याच्या पुण्यार्थ दिलेले लेणे बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केलेले आहे. आपला धर्म सोडल्यावाचून दुसऱ्याच्या धर्मास आश्रय देण्यात त्या काळच्या लोकांस काही वावगे वाटत नव्हते.

यानंतर अनेक राजवटी आल्या आणि गेल्या. मोगलांच्या अमलात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. आज यात्रेकरू पाहतात ती देवळे बहुतेक मराठेशाहीतील आहेत. गोदाकाठचे रामेश्वराचे देऊळ नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधविले. तेथील प्रचंड पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर येथे आली, असे मानतात. जवळच पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेस लागले की गळ्यास, यावरून नाशिककर पुराचे मान सांगतात.

नाशिकच्या पश्चिमेस सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर आहे. तेथील विद्यमान देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये आरंभिले. ते १७८६ मध्ये पुरे झाले. म्हणजे आरंभ करणाऱ्यास कळस पाहावयास मिळाला नाही. मध्यंतरी पानिपत झाले आणि १७६१ मध्येच नानासाहेबही निवर्तले. तथापि काम थांबले नाही. त्याच गावी निवृत्तिनाथांची समाधी असून पौष वद्य एकादशीस वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकी कुशावर्तावर स्नान करतात, तर वैष्णव नाशिकास रामकुंडावर.

आता पंचवटीतील काळारामाकडे वळू. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे देऊळ उभारिले. त्याचा काळा पाषाण रामशेजच्या डोंगरातील आहे. वास्तू इतकी रेखीव की तेथून पाय निघत नाही. पण याच देवळाच्या दारांशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य गणलेली माणसे रामदर्शनाचा हक्क मागत उभी राहिली. दादासाहेब गायकवाड त्या सत्याग्रहाचे एक प्रमुख होते. दारे बंद करण्यात आली. पुढे रामनवमीच्या उत्सवातील रथ ओढण्यावरून दगडफेक व मारहाण झाली. सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्धधर्माची दीक्षा घेतली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली.

हा भाग आमच्यासारख्या घरांतून क्वचितच सांगितला जातो. दार बंद करणाऱ्यांत आपल्याच वर्गातील सुशिक्षित मंडळी होती. म्हणून तो सांगताना जीभ अडखळते. परंतु नारोशंकराच्या घंटेचा अभिमान आपण वारसा म्हणून मिरवीत असू, तर बंद दाराची लाजही त्याच वारशातील आहे. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही. उपाध्यायांच्या बाडात आपली नावे पिढ्यान्‌पिढ्या का सापडतात, याचा विचार करताना, ज्यांस दारातूनच परतविले त्यांची आठवण व्हावयास नको काय? आज त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी बुद्धस्मारक उभे आहे. उषवदाताच्या आणि गौतमी बलश्रीच्या दानांच्या त्या डोंगराशी बुद्धाचे नाव पुन्हा जोडले गेले आहे, आणि त्यामागे काळारामाच्या बंद दारांचाही इतिहास आहे.

म्हणून आमची सूचना अशी : यात्रेस तीन दिवस ठेवावे. पहिल्या दिवशी स्नान, श्राद्ध व पंचवटी; दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात लेणी; तिसऱ्या दिवशी त्र्यंबक. वडील माणसांस डोंगर चढणे झेपत नसेल तर त्यांनी खाली थांबावे, पण मुलांस अवश्य वर पाठवावे आणि उषवदाताचा हिशेब त्यांच्याकडून तोंडी करवून घ्यावा. काळारामाच्या पूर्वद्वारी मात्र घरातील वडिलांनी स्वतः उभे राहून १९३० ची हकीकत मुलांस सांगावी, आणि मग सर्वांनी मिळून आत जाऊन रामाचे दर्शन घ्यावे.