कोंबड्यांचे पाणी आणि अलाहाबादचा बर्फ

अमेरिकेतील मिनेसोटा आणि व्हरमाँट किंवा कॅनडातील क्यूबेक यांसारख्या प्रदेशांत परसदारी पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना हिवाळ्यात खाद्यापेक्षा पाण्याची चिंता अधिक असते. भांड्याखाली ठेवायची विजेवर तापणारी तबकडी तेथे बाजारात सहज मिळते. परंतु खुराडे घरापासून दूर असेल आणि तेथवर वायर पोहोचत नसेल, तर तिचा उपयोग नसतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, म्हणजे वजनाच्या हिशेबाने ती जेवढे खाते त्याच्या जवळपास दुप्पट. अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो आणि पाणी तुटले की कोंबडी खाणेही कमी करते, त्यामुळे एखादा दिवस भांडे गोठलेले राहिले तरी त्याची झळ अंड्यांना लागू शकते.

या प्रश्नाची मांडणी मात्र पुष्कळदा गरजेपेक्षा अवघड केली जाते. अंधार पडला की कोंबडी दांडीवर चढते आणि उजाडेपर्यंत पाणी पीत नाही. डिसेंबरअखेरीस मिनियापोलिसमध्ये दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. भांडे संध्याकाळी घरात आणून सकाळी पुन्हा भरून ठेवले, की चोवीस तासांचा प्रश्न या पावणेनऊ तासांवर येतो. तेवढा वेळ गोठणे लांबवता आले तरी पुरते.

ते कसे लांबवावे, हे समजून घेण्यासाठी पाणी मुद्दाम गोठवणाऱ्यांची रीत पाहणे उद्बोधक ठरते. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद येथे बर्फ कसा बनवीत याचे वर्णन केले आहे. जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर पसरीत, त्यावर बिनझिलईच्या, अगदी उथळ अशा मातीच्या थाळ्या मांडून त्यांत पाणी भरीत आणि सूर्योदयापूर्वी त्यांतला बर्फ गोळा करीत. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही हे घडे, कारण निरभ्र रात्री उघडा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो. उष्णतेच्या या प्रकारच्या संक्रमणाला प्रारण म्हणतात आणि विल्यम चार्ल्स वेल्स यांनी 1814 च्या आपल्या दवावरील निबंधात त्याचाच आधार घेऊन या बर्फाची उपपत्ती मांडली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, त्यांमागेही मुख्यतः हेच कारण असते.

कोंबड्यांच्या मालकाला यातले जवळजवळ सगळे उलटे करावे लागते. थाळी उथळ आणि उघडी होती, म्हणून येथे भांडे खोल, अरुंद तोंडाचे आणि छपराखाली, वाऱ्याच्या आडोशाला हवे. खालच्या थराच्या बाबतीत मात्र उलटापालट चालत नाही. अलाहाबादेत ताटे जमिनीची ऊब थाळीपर्यंत येऊ देत नसत, तर क्यूबेकमध्ये जमीनच गोठलेली असल्याने भांड्याची ऊब तिच्यात जाऊ नये म्हणून पेंढा लागतो. जुन्या टायरच्या पोकळीत पेंढा ठासून मधोमध काळ्या रबराचे घमेले बसवण्याची युक्ती याच तत्त्वावर चालते, आणि काळा रंग दुपारचे तिरपे ऊन शोषतो हा वरचा लाभ. (पेंढ्याऐवजी थर्मोकोल वापरल्यास तो पुरता झाकावा, कारण कोंबड्या तो आवडीने टोचून खातात.) पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगत असल्याने कडक प्लास्टिक तडकते, रबरी घमेले पालथे घालून दाबले की बर्फाचा गड्डा सुटून येतो.

चार लिटर पाणी 40 अंशांवरून शून्यावर येताना 160 किलोकॅलरी उष्णता सोडते, पण शून्यावरच्या त्याच पाण्याचा पूर्ण बर्फ होण्यासाठी आणखी 320 किलोकॅलरी बाहेर जावी लागते. तापमान न बदलता द्रवाचा घन होताना बाहेर पडणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. म्हणून भरलेले भांडे तळापर्यंत गोठायला बराच वेळ लागतो. मात्र चार अंशांखाली पाणी थंड होताना हलके होत जात असल्याने बर्फाचा पापुद्रा वरच धरतो आणि खाली भरपूर पाणी असूनही कोंबडी तहानलेली राहते. सकाळी कोमट पाणी देऊन दुपारी भांडे बदलणे, ही दोन भांड्यांची पाळी बहुतेक युक्त्यांपेक्षा भरवशाची आहे.

मिठाच्या पाण्याने भरलेली बाटली भांड्यात तरंगत ठेवण्याचा उपाय बराच सांगितला जातो. 23 टक्क्यांच्या आसपास मीठ असलेले द्रावण उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही हे खरे, परंतु बाटलीतले मीठ बाहेरच्या पाण्याला ऊब देत नाही. वाऱ्याने बाटली हलली तर पापुद्रा उशिरा धरतो, इतकेच, आणि तेवढे काम साधा चेंडूही करतो. पिण्याच्या पाण्यातच मीठ घालणे तर घातक आहे, कारण समुद्राइतके खारट पाणीसुद्धा उणे दोन अंशांच्या आसपास गोठते आणि कोंबडीला ते विषासमान ठरते. कंदील किंवा मेणबत्ती पेंढ्याच्या खुराड्यात ठेवू नये.

झोपण्याच्या जागी गरम पाण्याचे उघडे भांडे ठेवल्यास वाफेने हवा दमट होते आणि दमट थंडीत तुऱ्याला हिमदंश, म्हणजे थंडीने मांस मरणे, लवकर होतो. क्यूबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शांतक्लेर ही जात विकसित केली, तेव्हा तुरा अगदी लहान राहील हे कटाक्षाने पाहिले होते. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या जातींत, विशेषतः मादीपेक्षा नराला, आणखी एक धोका असतो: पाणी पिताना चोचीखालचे लोंबते लाल मांस भिजते आणि बाहेर येताच गोठते. ज्यात केवळ चोच जाईल असे अरुंद तोंडाचे भांडे त्याच्यासाठी म्हणूनही घ्यावे लागते.