गिरणगावाची इलेक्ट्रिक तार
लेखमाला : वाद्य घडवताना – भाग सहावा

लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गिटार क्वचितच दिसते. तिथले इलेक्ट्रिक तंतुवाद्य म्हणजे बेंजो. गणपतीचे आगमन असो, विसर्जन असो, हळद असो की कोळीवाड्यातले लग्न, ढोल-ताशांच्या गजरावर चढून एक धारदार सूर गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचतो आणि माणसे खिडकीत येतात. रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला तो याच वाद्याच्या आणि ते वाजवणाऱ्या पोरांच्या जगावर.

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार घडवण्याची तयारी या लेखमालेत चालू आहे. या आठवड्यात बेंजोकडे वळण्याचे कारण साधे आहे. इलेक्ट्रिक तंतुवाद्याला लागते ते सगळे बेंजोत आहे: ताणलेली पोलादी तार, मोजून बसवलेले पडदे, तारेखालचे पिकअप आणि बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर. आकार वेगळा, बोटांचे काम वेगळे, पण शास्त्र एकच. ‘मिरवणुकीतले वाद्य’ म्हणून त्याला खालच्या पायरीवर बसवणारे मोठी चूक करतात. वाद्य घडवणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर बेंजो गिटारचा सख्खा भाऊ आहे.

त्याचा जन्म मात्र मुंबईतला नाही. १९१२ साली, जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली त्या वर्षी, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी एक वाद्य तयार केले. टाइपरायटरच्या बटणांवरून त्यांना कल्पना सुचली. लांबट लाकडी खोक्यावर तारा, तारांखाली पडदे आणि तारांवर बटणांची रांग. बटण दाबले की तार पडद्यावर टेकते आणि दुसऱ्या हातातल्या नखीने ती छेडायची. राजवटीवरून त्याचे नाव ‘ताइशोगोतो’ पडले. हेच वाद्य भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात बेंजू झाले आणि मुंबईत बेंजो. अमेरिकेतला कातडे मढवलेला, लांब मानेचा बँजो वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मूळच्या लाकडी खोक्याचा आवाज खोलीपुरता. ढोल-ताशांपुढे तो टिकणे शक्यच नव्हते. पिकअप बसले, तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली गेली आणि हे घरगुती वाद्य रस्त्यावर आले. मुख्य तारा एकाच स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने लावलेल्या असतात आणि एका बटणाने त्या एकदम दाबल्या जातात. दोन तारा कधीच अगदी तंतोतंत एका सुरात नसतात. त्यांच्यातल्या त्या बारीक फरकानेच सूर जाड, किंचित थरथरता ऐकू येतो. गिटारवादक हाच परिणाम मिळवण्यासाठी वेगळी उपकरणे विकत घेतात.

आता पडद्यांकडे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. बेंजोचे आणि गिटारचे पडदे ठोकून पक्के केलेले. कारागिराने एकदा बसवले की वाद्याचा सूर जन्मभरासाठी ठरला. म्हणून लाकडाच्या निवडीपेक्षाही जास्त काळजी या मापात घ्यायला हवी.

हिशेब असा. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेची लांबी १७.८१७ ने भागायची आणि येईल तेवढे अंतर पुढे जायचे. फेंडर गिटारची तार नटपासून, म्हणजे वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर असते. ६४८ भागिले १७.८१७ म्हणजे ३६.३७. पहिला पडदा तिथे. उरली ६११.६३ मिलिमीटर तार, तिला पुन्हा त्याच आकड्याने भागले की ३४.३३. दुसरा पडदा त्याच्या पुढे तेवढ्या अंतरावर. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर आला पाहिजे. तो आला नाही तर हिशेबात कुठेतरी घसरण आहे.

सोळाव्या शतकात गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गालिलेई, स्वतः ल्यूटवादक, यांनी १८ ने भागण्याची सोपी रीत सांगितली होती आणि ती पुढे कारागिरांत शेकडो वर्षे चालली. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर त्या रीतीने बारावा पडदा मध्याच्या दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो. आतड्याच्या सैल तारा बोटाने दाबताना ताणल्या जात आणि ही तूट काही अंशी भरून निघे. पोलादी तारेवर, त्यातही स्पीकरवर मोठ्या केलेल्या आवाजात, ती झाकली जात नाही. बाराव्या आणि तेराव्या पडद्यात अंतर उरते सुमारे १८ मिलिमीटर. तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे अर्ध्या स्वराचा अठरावा हिस्सा, आणि तयार कानाला तो खुपतो.

एक पथ्य कायम पाळावे. सगळी मापे नटपासून घ्यावीत. एका पडद्यापासून पुढच्या पडद्याचे अंतर मोजत गेले तर प्रत्येक वेळची केसभर चूक पुढे साठत जाते आणि विसाव्या पडद्यापर्यंत ती उघड दिसू लागते. पोलादी फूटपट्टी, टोकदार सुरी आणि मापे आधीच लिहून काढलेला कागद एवढे पुरते. पेन्सिलीची रेघ जाड पडते, सुरीची पडत नाही, आणि करवतीचे पाते सुरीच्या चिरेत आपोआप बसते.

पिकअप हा या सगळ्याचा प्राण. फॅरडेने १८३१ साली दाखवले की चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पिकअप म्हणजे तेच: चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. वर पोलादी तार कंप पावते, तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यातून त्याच लयीची क्षीण वीज वाहते. तार पोलादाची किंवा निकेलची हवी, कारण पितळेच्या तारेला चुंबक दाद देत नाही. सतारीवर गिटारचे पिकअप बसवून पाहणाऱ्यांची निराशा होते ती याचमुळे, तिच्या पितळी तारा जवळपास मुक्या राहतात.

फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका पिकअपमध्ये सुमारे ८,००० वेढे असतात. तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी, आणि तिच्यावर इनॅमलचा थर. एका पिकअपला साधारण एक किलोमीटर तार लागते. ही तार गुंडाळणे हे पूर्वीपासून हाताचे काम. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात अ‍ॅबिगेल इबारा १९५६ पासून पिकअप गुंडाळत असत आणि त्यांच्या हातच्या पिकअपसाठी वादक पुढे अनेक दशकांनीही जादा पैसे मोजायला तयार असत. यंत्र एकावर एक नेमके वेढे घालते, हात थोडे विखुरलेले घालतो, आणि त्या विखुरण्याने वेटोळ्याचा विद्युत गुण किंचित बदलतो.

घरी हे काम शिलाई मशीनच्या मोटरवर किंवा हँडड्रिलवर होते. फिरणाऱ्या भागावर एक छोटा चुंबक चिकटवून जुन्या कॅल्क्युलेटरला रीड स्विच जोडला की वेढे मोजले जातात. तार दोन बोटांत कापडाच्या तुकड्यातून सोडायची. ओढ जास्त झाली की ती तुटते, कमी झाली की वेटोळे सैल राहते आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारू लागते. शेवटी मल्टिमीटर लावून पाहायचा: साडेपाच ते साडेसहा हजार ओहम दिसले की काम जमले. काटा हललाच नाही तर तार आत कुठेतरी तुटली आहे, आणि सगळे उलगडून पुन्हा गुंडाळण्याला पर्याय नाही. मुंबईकराची यात एक सोय आहे. विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, तिन्ही पेठा गिरगावातून पायी गाठता येतात. तारा, खुंट्या धोबी तलावला मिळतात, तिथले फुर्ताडोज १८६५ पासूनचे.

पिकअप तारेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली असावे. फार वर घेतले तर आवाज वाढतो खरा, पण चुंबक तारेला स्वतःकडे खेचतो आणि सूर डगमगतो. घोडीजवळचे पिकअप तीक्ष्ण ऐकू येते, दूरचे भरदार. रस्त्यावर धार हवी की बैठकीत भर हवी, हे घडवणाऱ्याने आधी ठरवावे.

एका वेटोळ्याच्या पिकअपचे एक जुने दुखणे म्हणजे घरघर. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो आणि भोवतालच्या प्रत्येक वायरीतून तो पिकअपमध्ये शिरतो. मिरवणुकीच्या गाडीवर जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना खेटून असतात, तेव्हा ही घरघर सर्वांत जास्त. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन वेटोळी शेजारी, चुंबक उलटे आणि वेढ्यांची दिशाही उलटी. बाहेरून आलेला विजेचा गोंधळ दोन्हींत विरुद्ध होऊन एकमेकांना मारतो, तारेचा सूर मात्र दोन्हींत जुळून दुप्पट होतो. याला हमबकर म्हणतात. ज्याला दोन वेटोळी घालायची नाहीत त्याने निदान पिकअपच्या खोबणीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडावी. पिकअपमधून निघणारी वीज व्होल्टच्या अंशाएवढी असते, तिचा धोका नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २३० व्होल्ट असतात. त्याचे झाकण नवशिक्याने उघडू नये.

लाकडाविषयी मागे सविस्तर आले आहे, इथे भर एवढीच. साग टिकाऊ आणि पावसाळ्यात कमी हलणारा, पण जड. त्याची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर अमेरिकन गिटारला लागणाऱ्या आल्डरची सुमारे ४५०. म्हणजे तेवढ्याच मापाची बॉडी जवळपास दीडपट वजनाची होते आणि तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते जाणवते. कोकणातला शिवण हलका आणि तरी स्थिर, त्याचा विचार अवश्य करावा. गिरगाव-परळच्या पाडलेल्या चाळींतले जुने सागवान बाजारात येते. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते, म्हणून मानेसाठी उत्तम. मात्र करवत लावण्याआधी त्यावरून चुंबक फिरवावा, आत मोडलेले खिळे हमखास असतात. सागाचा भुसा छातीला आणि कातडीला त्रास देतो. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे रात्री मुले झोपणार आहेत, तिथे तासकाम करू नये. गॅलरीत करावे, तोंडाला मास्क लावून.

जुन्या लाकडाची गोष्ट निघाली की ब्रायन मे यांची आठवण होतेच. ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनजवळच्या फेल्टममधल्या घरी सोळा वर्षांच्या ब्रायनने वडिलांबरोबर गिटार घडवायला घेतली. विकत घ्यायला पैसे नव्हते. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, त्यातली किड्यांची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. पडद्यांच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या मोत्याच्या बटणांच्या. तारा सैल-घट्ट करणाऱ्या यंत्रणेला जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा आणि तिच्या दांड्याला विणकामाच्या सुईचे टोक. पिकअपही त्यांनी आधी स्वतः केली होती, नंतर ती काढून बर्न्स कंपनीची बसवली. हे काम सुमारे दोन वर्षे चालले. ‘रेड स्पेशल’ नावाने ती गिटार पुढे क्वीन बँडच्या रेकॉर्डवर वाजली आणि आजही वाजते.

रेड स्पेशलचे प्रत्येक माप आज उपलब्ध आहे. १९९८ साली तिची डागडुजी झाली, तिच्यावर पुस्तक निघाले, तिच्या हुबेहूब प्रती निघाल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही कारागिरांच्या पिढ्यांची नोंद होती. बेंजो घडवणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची विद्या अजून हातातून हातात जाते, आणि चाळींबरोबर माणसेही विरार-बदलापूरला पांगत चालली आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात, मंडळाच्या खोलीत किंवा ओळखीच्या वादकाकडे जुना बेंजो असेल तर तो भंगारात जाण्याआधी मोजून घ्या. नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी, प्रत्येक पडद्याचे नटपासूनचे अंतर, तारांची संख्या आणि जाडी, पिकअपचे ओहम, खोक्याचे लाकूड, आणि तो कोणी घडवला, कोणी दुरुस्त केला हे वहीत लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा. अर्ध्या तासाचे काम आहे. पुढच्या भागात मान आणि तिच्यातली पोलादी सळई.