मांडीमागील पेशींची पुनःपुन्हा होणारी दुखापत : फुटबॉलपटूंसाठी व्यायामोपचार

पावसाळा सुरू झाला की शाळांना क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या शालेय फुटबॉल स्पर्धा जिल्हास्तरापासून सुरू होतात आणि त्यात १७ वर्षांखालील मुलांप्रमाणे मुलीही उतरतात. नंदुरबार, शहादा, नवापूर येथील वैद्यबांधवांकडे याच सुमारास मांडीच्या मागच्या बाजूस हात धरून, लंगडत येणारे खेळाडू दिसू लागतात. ‘पळताना मागून कोणी दगड मारल्यासारखे झाले’ असे ते सांगतात. तेल, शेक व विश्रांती यांनी आठ-दहा दिवसांत वेदना शमते, खेळाडू मैदानात परततो आणि पुष्कळदा त्याच जागी पुन्हा जायबंदी होतो. ही पुनरावृत्ती का होते व ती कशी टाळावी, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. व्यवहारात आपण ‘स्नायू दुखावला’ म्हणतो. आयुर्वेदात मात्र स्नायू हे बंधनकारक अवयव होत आणि आकुंचन पावणारी ती मांसपेशी. आधुनिक शास्त्र ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणते त्या मांडीमागील तीन पेशी होत. बैठकीच्या हाडापासून निघून त्या गुडघ्याखाली जोडल्या जातात. म्हणजेच कटीसंधी व जानुसंधी या दोन्हींवर त्यांचे काम चालते. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा पाऊल टेकण्याच्या क्षणाआधी या पेशी लांब होत असतानाच त्यांना त्या पायाचा वेग आवरावा लागतो. लांब होता होता ताण पेलण्याच्या या क्षणीच बहुतेक वेळा पेशी फाटते, आणि तीही बाहेरच्या बाजूची.

दुखावलेल्या जागी व्रणवस्तू तयार होते. वेदना थांबली तरी पेशीची लांब होताना ताण पेलण्याची शक्ती परतलेली नसते. वेदनाशमन म्हणजे बलप्राप्ती नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. युरोपातील व्यावसायिक पुरुष संघांच्या दीर्घकालीन पाहणीत २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के दुखापती या पेशींच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. या दुखापतींपैकी सुमारे १८ टक्के पुनरावृत्तीच्या होत्या आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक, खेळाडू मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत घडल्या. रुग्ण ‘बरा’ म्हणून आपल्या हातून सुटतो, तोच हा धोक्याचा काळ होय.

व्यायामाचा पुरावा

यावर सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे ‘नॉर्डिक’ व्यायाम. डेन्मार्कमधील ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सरावासोबत हा व्यायाम करणाऱ्या गटात एकूण १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. पुनरावृत्तीतील फरक याहून मोठा होता : १०० खेळाडूंमागे एका हंगामात एकीकडे सुमारे ७, तर दुसरीकडे सुमारे ४६. यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेच्या अंगणातही तो करता येतो.

कृती अशी. जाड गोधडीवर गुडघे टेकून ताठ राहावे. साथीदाराने मागून दोन्ही घोटे जमिनीशी घट्ट दाबून धरावेत. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचे शरीर एका रेषेत ठेवून, कमरेत न वाकता, शक्य तितके हळूहळू पुढे झुकावे. तोल आवरेनासा झाला की तळहातांवर अंग झेलावे आणि हातांच्या रेट्यानेच पूर्वस्थितीत यावे. पेशींना जे काम करावयाचे ते पुढे झुकतानाच. वर येण्यासाठी त्यांना राबवू नये.

डेन्मार्कच्या अभ्यासातील क्रम पुढीलप्रमाणे होता :

पहिला आठवडा – एक दिवस, ५ आवर्तनांचे २ फेरे.
दुसरा आठवडा – दोन दिवस, ६ आवर्तनांचे २ फेरे.
तिसरा आठवडा – तीन दिवस, ६ ते ८ आवर्तनांचे ३ फेरे.
चौथा आठवडा – तीन दिवस, ८ ते १० आवर्तनांचे ३ फेरे.
पाचवा ते दहावा आठवडा – तीन दिवस, अनुक्रमे १२, १० व ८ आवर्तनांचे ३ फेरे.
त्यानंतर हंगामभर – आठवड्यातून एकदा, तेच ३ फेरे.

आरंभी मांडी ठणकते; ते स्वाभाविक आहे. मात्र क्रम ओलांडून घाई केल्यास ठणका असह्य होतो व खेळाडू व्यायामच सोडतो. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम देऊ नये.

येथे एक शंका संभवते. आपल्या तालमीतील बैठका पुरेशा नाहीत काय? कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही आजही फुटबॉल संघांची नावे आहेत. तालीम व फुटबॉल यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. बैठकांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्यांनी मुख्यतः मांडीच्या पुढच्या पेशी व नितंब बळावतात. मागच्या पेशींना लांब होत ताण पेलण्याचा सराव त्यातून फारसा घडत नाही. म्हणून बैठकांच्या जोडीला हा व्यायाम हवा.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायाम हा शरीराला स्थैर्य व बल देणारा, मात्र मात्रेने करावयाचा, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात अहितकर सवय सोडणे व हितकर सवय अंगी बाणवणे अंशाअंशाने करावे, असा क्रमही दिला आहे. वरील दहा आठवड्यांची चढण याच तत्त्वाशी जुळते. सुश्रुताचार्यांनी अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा, असा दंडक घातला. फुटबॉलचा सामना काही अर्ध्या शक्तीत खेळता येत नाही. म्हणूनच खेळाडूची मूळ शक्ती अशी वाढवून ठेवावी की सामन्यातील धाव त्याच्या सामर्थ्याच्या टोकाशी जाऊन भिडणार नाही.

चिकित्सकाचे कर्तव्य

पहिले दोन-तीन दिवस थंड पट्टी, बंध व सापेक्ष विश्रांती द्यावी. या काळात जोरकस मर्दन व उष्ण स्वेद टाळावेत. रक्तस्राव वाढण्याची भीती असते. अभ्यंग व मृदू स्वेद त्यानंतर. विश्रांती मात्र लांबवू नये. डेन्मार्कमधील ५० हौशी खेळाडूंवरील २०१७ च्या अभ्यासात दुसऱ्या दिवसापासून क्रमशः हालचाल सुरू करणारे, नवव्या दिवशी सुरू करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळावर परतले. नॉर्डिक व्यायाम चालताना व हलके पळताना वेदना नाहीशी झाल्यावरच द्यावा.

काही रुग्ण त्वरित पुढे पाठवावेत. फटकन् आवाज होऊन चालता न येणे, मोठा काळा-निळा डाग उमटणे, किंवा १३ ते १७ वयात बैठकीच्या हाडावर तीव्र वेदना असणे, ही लक्षणे दिसल्यास क्ष-किरण तपासणी हवी. या वयात पेशीऐवजी हाडाचा तुकडाच निघालेला असू शकतो. आघाताशिवाय उद्भवलेल्या व कमरेपासून खाली उतरणाऱ्या वेदनेत गृध्रसीचा विचार करावा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक दक्षता अनिवार्य आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाची मांडीतील वेदना ही पेशीची दुखापत नसून त्या व्याधीचा वेग असू शकतो. तेथे थंड पट्टी व व्यायाम दोन्ही अपायकारक ठरतील. केवळ वाहक असलेल्या खेळाडूलाही उन्हात, पाण्यावाचून, सरावाविना एकदम पूर्ण वेगाने पळविणे धोक्याचे असते. म्हणून प्रत्येक खेळाडूस सिकलसेल तपासणीचे कार्ड विचारावे. नसल्यास आधी तपासणीस पाठवावे.

मैदानात परतण्याची परवानगी दिवस मोजून देऊ नये. दाबल्यावर वेदना नाही, उताणे निजून सरळ पाय दोन्ही बाजूंनी सारखाच वर उचलता येतो, प्रतिकाराविरुद्ध गुडघा वाकविताना दोन्ही पायांत सारखे बळ आहे, आणि पूर्ण वेगाची धाव अनेकदा घेऊनही खेळाडूला भीती वाटत नाही, या चारही गोष्टी स्वतः पाहाव्यात. त्यानंतर दोन महिने दर पंधरवड्यास त्यास बोलवावे व क्रीडाशिक्षकांच्या हाती वरील क्रम लिहून द्यावा. हंगामाच्या मध्यावर ‘आता दुखत नाही’ म्हणून व्यायाम सुटतो. तो सुटू न देणे, हे काम तेल-लेपाइतकेच आपले आहे.