विजेच्या मोटारगाडीतील ‘कडक’ पेडल : लक्षण आणि निदान

१. ‘ब्रेक लागत नाही’ हे मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातील एक परिचित वाक्य आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी निदानाच्या दृष्टीने अपुरे आहे. कारण त्यात दोन परस्परविरोधी अवस्था सामावतात. पाय दिला असता पेडल मऊ लागून खोल जाते, ही एक. आणि कितीही जोर केला तरी ते कडक राहते, ही दुसरी. पहिल्या अवस्थेत ब्रेकचे तेल गळलेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. दुसरीत तेलाची व्यवस्था बहुधा शाबूत असते. उणे झालेले असते ते पायाला मिळणारे साहाय्य. तात्पर्य, ‘कडक’ हे विशेषण येथे केवळ वर्णनपर नाही. ते निदानाची पहिली पायरी होय.

२. हे साहाय्य कोठून येते, ते प्रथम पाहावयास हवे. पेडल आणि तेलाचा मुख्य सिलिंडर यांच्यामध्ये ‘बूस्टर’ नावाचा चपटा, वाटोळा डबा असतो. लवचीक पडद्याने त्याचे दोन कप्पे केलेले असतात. पाय मोकळा असताना दोन्ही कप्प्यांतील हवा बरीचशी काढून घेतलेली असते. पेडल दाबताच मागील कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि दाबांतील फरकामुळे पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर येते. दाबांतील फरक वातावरणाच्या दाबाच्या ०.६ पट असेल, तर सुमारे १९० किलोग्रॅम वजनाइतका जोर पायाच्या जोरात मिळतो. तो नाहीसा झाला, की पेडल कडक लागते.

३. पेट्रोलच्या गाडीत हवा ओढून घेण्याचे काम एंजिन अनायासे करते. विजेच्या गाडीत एंजिनच नसते. म्हणून मित्सुबिशीच्या ‘आय-मीव्ह’सारख्या (२००९) गाड्यांत त्यासाठी विजेचा स्वतंत्र निर्वात-पंप बसविलेला असतो. बूस्टरमधील निर्वात कमी झाला, की संवेदक तशी सूचना देतो, पंप काही सेकंद चालतो व थांबतो. या पंपाला वीज मिळते ती सामान्यतः १२ व्होल्टच्या लहान बॅटरीकडून. गाडी चालविणाऱ्या मोठ्या बॅटरीकडून नव्हे. दुसऱ्या एका वर्गात निर्वाताचा संबंधच नसतो. तेथे विजेची मोटर दांड्याला प्रत्यक्ष ढकलते. बॉश कंपनीचा २०१३ पासून प्रचारात आलेला ‘आयबूस्टर’ या वर्गातला. अशा रीतीने लक्षणाचे नाव तेच राहिले, परंतु त्यामागील कारणपरंपरा बदलली. जुन्या अर्थाच्या आधारे एंजिनाकडे बोट दाखविणारा कारागीर येथे चुकणारच.

४. निर्वात-पंपाच्या गाडीची मुख्य परीक्षा सोपी आहे. भाषाभ्यासक लघुतम युग्मात एकच घटक बदलून अर्थभेद तपासतो. तीच रीत येथे उपयोगी पडते. सपाट जागी, चाकांना अडसर लावून, गाडी बंद असताना पेडल कडक होईपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे. मग त्यावर पाय तसाच ठेवून गाडी सुरू करावी. पंपाचा आवाज होऊन पेडल किंचित खाली बसले, तर साहाय्य शाबूत आहे असे समजावे. न बसल्यास पुढील भेद पाहावेत.

(अ) पंपाचा आवाजच येत नसेल, तर फ्यूज, रिले, जोडण्या, अर्थिंगची तार आणि १२ व्होल्टची बॅटरी या क्रमाने तपासावे. पंपापाशी वीज पोचत असूनही तो फिरत नसेल, तर दोष पंपाचा. वीज पोचत नसेल आणि तारा ठीक असतील, तर संवेदकाकडे वळावे.

(आ) पंप थांबतच नसेल, तर हवा कोठून तरी आत शिरत आहे. रबरी नळी, एकमार्गी झडप आणि बूस्टरचा पडदा ही तीन संशयस्थाने होत. पाय दाबून धरला असता फुसफुस सतत ऐकू येत राहिल्यास संशय बूस्टरवर जातो.

(इ) निर्वात पुरेसा असूनही पेडल कडक असेल, तर बूस्टरची आतली झडप, पेडलची खीळ, मुख्य सिलिंडर किंवा चाकाजवळचे अडकलेले भाग पाहावेत.

दुसऱ्या प्रकारात एक चूक महाग पडते. गळती तशीच ठेवून नवा पंप बसविल्यास तोही अखंड चालून लौकरच निकामी होतो. म्हणून प्रथम गळती, मग पंप. एकमार्गी झडप उलट बसणार नाही, हेही पाहावे. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असल्याने त्यांना हात लावू नये. ‘आयबूस्टर’सारख्या योजनेत घरगुती परीक्षा पुरत नाही, तेथे दोषसंकेत वाचण्याचे उपकरण व प्रशिक्षित कारागीर अपरिहार्य होत.

५. या दोषाची खरी भीती तो लपून राहण्यात आहे. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच मोटर जनित्राचे काम करू लागते आणि गाडी मंदावते. त्यामुळे ब्रेकच्या पेडलचा वापर थोडा होतो, व साहाय्य गेल्याचे चालकास बराच काळ कळत नाही. ते कळते ते एखादे मूल आडवे आल्यावर. किंवा बॅटरी पूर्ण भरल्यामुळे मोटरीचे हे मंदावणे मर्यादित झाले असता, उतारावर. अशा वेळी ध्यानात ठेवावयाचे ते हे, की साहाय्य गेले तरी ब्रेक गेलेला नसतो. पेडल एकदाच, अखंड आणि सर्व शक्तीनिशी दाबावे; पुनःपुन्हा दाबल्याने उरलेसुरले साहाय्यही संपते. गाडी थांबली, की मग ती पुढे चालवू नये.

६. सारांश, निदानाचा आरंभ चालकाच्या वाक्यात होतो. ‘ब्रेक लागत नाही’ याऐवजी ‘पेडल कडक आहे, आणि गाडी सुरू केल्यावर पंपाचा आवाज येत नाही’ असे जो सांगतो, त्याने कारागिराचा अर्धा शोध पुरा केलेला असतो.