जुनी कागदपत्रं स्कॅन कशी होतात? नुसता फोटो आणि डिजिटायझेशन यात फरक काय?

आजोबांच्या नावाचा जुना फेरफार हवा असेल तर आता बऱ्याच ठिकाणी महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर गाव आणि गट नंबर टाकून जुन्या पानाची स्कॅन कॉपी बघता येते. पण रेकॉर्ड रूममधल्या कापडी गठ्ठ्यातलं ते पान तुमच्या मोबाईलपर्यंत पोहोचतं कसं? चला, समजून घेऊया.

१. आधी तयारी

मशीन सुरू होण्याआधीच भरपूर काम असतं. गठ्ठ्यांना नंबर देतात, पानं मोजतात. पिना, स्टेपल, दोरे काढतात, ब्रशने धूळ झटकतात, घड्या सरळ करतात. हे सगळं करताना पानांचा क्रम बदलला तर पुढचं सगळंच चुकतं.

२. स्कॅनिंग

सुटी, धडधाकट पानं ऑटो फीडरमधून भराभर जातात. जीर्ण पानं आणि बांधलेली रजिस्टरं मात्र त्यात घालत नाहीत. ती व्ही आकाराच्या आधारावर अर्धवट उघडी ठेवून वरच्या कॅमेऱ्याने टिपतात, म्हणजे शिवण उसवत नाही.

साधारणपणे ३०० डीपीआय वापरतात. म्हणजे ए-फोर पानासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल. मूळ प्रत टिफ फाईलमध्ये जपून ठेवतात आणि बघण्यासाठी हलकी पीडीएफ बनवतात.

३. तपासणी

दोन पानं चिकटून एकच स्कॅन झाली का? कडेची सही कापली गेली का? सुरुवातीची मोजणी आणि फाईलमधली पानं जुळायलाच हवीत.

४. इंडेक्सिंग: खरी परीक्षा इथे

स्कॅन म्हणजे शेवटी एक चित्र. ते सापडावं म्हणून गाव, तालुका, गट नंबर, वर्ष अशी माहिती जोडावी लागते. इथे गावाचं नाव चुकलं की पान सर्व्हरवर असूनही तुमच्यासाठी हरवलेलंच! म्हणून चांगल्या कामात दोन जण वेगवेगळी नोंद करतात आणि मग ती ताडून बघतात.

‘ओसीआर आहे की!’ असं वाटेल. छापील देवनागरी तो बऱ्यापैकी वाचतो, पण हस्ताक्षरात गडबडतो. मोडी तर आणखी अवघड. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, तरी जुन्या वळणाची अक्षरं लावायला माणूसच लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचकांची गरज पडली ती त्यामुळेच. एका नोंदीवर कुणाचा तरी जातीचा दाखला अवलंबून असतो, त्यामुळे अंदाजे वाचून चालत नाही.

घरी तुम्ही काय कराल?

• फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळ उजेडात पान सपाट ठेवून स्कॅनर मोडने टिपा. चारही कोपरे दिसायला हवेत.
• फाईलला नाव द्या: ‘फेरफार-गाव-वर्ष’. नाहीतर हजार फोटोंत शोधत बसाल.
• दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा.
• अनोळखी ॲपमध्ये आधार किंवा जमिनीचे कागद टाकू नका.
• डिजीलॉकरमध्ये ‘इश्यूड’ विभागातला कागद मूळ प्रतीसारखा ग्राह्य असतो. तुम्ही स्वतः अपलोड केलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नका!