एका सप्ताहाचा हिशेब

वसई-दिवा रेल्वेमार्गावर खारबावला उतरून भिवंडीकडे निघालं की गोदामं मोजता मोजता माणूस थकतो. याच पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत गावकीचा अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा मोजायला त्याहून भारी काहीतरी मिळतं. इथल्या आगरी वारकऱ्यांत सावळाराम महाराज म्हात्र्यांचं नाव अजून आदरानं घेतलं जातं.

सात दिवस म्हणजे १६८ तास. तेवढा वेळ वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर ८४ पहारे होतात. पहाटे तीनला डोळे चोळत आलेला पोरगा पुढे होतो, आधीचा वीणेकरी त्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा प्रश्नच येत नाही. आजोबाही नातवाच्या पाया पडतात. १६८ तासांचे सेकंद होतात ६,०४,८००. संथ चालीत ‘रामकृष्णहरी’ म्हणायला तीन सेकंद धरले, तर वीणेकऱ्यांच्या गळ्यातून नाम निघतं २,०१,६०० वेळा.

मांडवात दुसरीकडे ज्ञानेश्वरीचं पारायण चालू असतं. ओव्या ९,०३३; सातानं भागल्या तर दिवसाला सुमारे १,२९०. गंमत म्हणजे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तीही इसवी सन १२९० मध्येच! एकटा अठरावा अध्याय १,८१० ओव्यांचा, म्हणजे ग्रंथाचा पाचवा हिस्सा. वाचायला शंभर जण बसले तरी आठवड्यात मांडवात ९ लाखांवर ओव्या उच्चारल्या जातात.

आता गावकीचा हाच सप्ताह फुगवून बघा. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तिथं लाखोंची गर्दी लोटते. आमटी जागेवर शिजते, भाकरी मात्र गावोगावच्या चुलींवरून येते. एक लाख माणसांना प्रत्येकी दोन धरल्या तर २ लाख भाकऱ्या. अर्धा सेंटिमीटर जाडीची एकेक भाकरी रचत गेलं तर चळत एक किलोमीटर उंच होईल, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या माहुली किल्ल्यापेक्षा उंच!

पण हाच डोंगर दहा हजार घरांत वाटला की घरटी वाट्याला येतात वीस भाकऱ्या. वीस भाकऱ्या कुठलीही बाई तासाभरात थापते, तेही शेजारणीशी गप्पा मारत. वीणेचंही तसंच. १६८ तास एकट्यानं उभं राहायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवशीच माणूस कोसळेल. ८४ जणांत वाटलं की दोन तास कधी सरले ते कळत नाही. सेवेतला आनंद असा भागाकारातून येतो.

आणि भक्तीचा गुणाकार बघायचा तर काल्याच्या दिवशी. कीर्तन संपतं, लाह्या-दह्याचा काला वाटला जातो, कपाळी बुक्का लागतो आणि जो तो समोरच्याच्या पाया पडू लागतो. समोरच्या माणसात विठ्ठल आहे, हे वारकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मांडवात पाचशे माणसं असतील आणि प्रत्येकानं उरलेल्या ४९९ जणांना नमस्कार करायचं ठरवलं, तर एकूण नमस्कार होतील २,४९,५००. सात दिवस अखंड घेतलेल्या नामापेक्षाही हा आकडा मोठा निघतो!